अडुळसा आणि हटवादी खोकला

पावसाळा लागला की आमच्या वस्तीत घरोघरी अडुळशाची पाने उकळतात. पानांत 'व्हॅसिसीन' नावाचे अल्कलॉइड असते. त्याने श्वासनलिका सैल होतात, कफ सुटतो. याच व्हॅसिसीनवरून 'ब्रोमहेक्सीन' हे औषध तयार झाले. दुकानातल्या कित्येक कफ सिरपांत ते असते. म्हणजे आजीचा कडू काढा अगदीच खुळा नव्हे! मात्र व्हॅसिसीनने गर्भाशयही आकुंचन पावते, म्हणून गरोदर बाईला तो मुळीच देऊ नये.

आणि खोकला दोन आठवड्यांत हटला नाही, तर काढ्यावर दिवस काढू नका. अडुळशाने क्षय बरा होत नाही. खाडा पडेल म्हणून तपासणी टाळणारे कामगार बंधू आम्ही फार पाहिले. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि क्षयाची औषधे, दोन्ही मोफत मिळतात.