भटकंती : मोहाखाली तंबू नको!



पचमढी आपल्याला नवी नाही. भोपाळहून साधारण दोनशे किलोमीटर. शाळेची सहल तिथेच, पाहुणे आले की धूपगडचा सूर्यास्तही तिथलाच. विदर्भातल्या आजी-आजोबांसाठी तर ती महादेवाची जागा. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला आजही तिकडून हजारो भाविक डोंगर तुडवत येतात. आपण मात्र गाडीने जातो आणि गाडीनेच परततो. म्हणून गेल्या मार्चअखेरीस आम्ही आठ जणांनी परवानगी काढली आणि पठारावरून देनवा नदीच्या खोऱ्याकडे तीन दिवस चालत उतरायचं ठरवलं. सर्वांत लहान माझी भाची, १६ वर्षांची. सोबत एक वनरक्षक आणि वाट दाखवायला एक कोरकू दादा. आज सांगते ती मधल्या दिवसाची गोष्ट.

सकाळी सहाला निघताना दादांनी नियम सांगितले. एका रांगेत चालायचं, कोणी पुढे पळायचं नाही, आणि झाडी दाट असेल तिथे हळू आवाजात बोलत राहायचं. भाचीने विचारलं, “जंगलात तर गप्प राहायचं असतं ना?” दादा हसले. “जीपमध्ये गप्प राहा. पायी असताना अस्वलाला आपण येतोय हे कळलं पाहिजे.” अस्वलाची नजर अधू असते. नाक तीक्ष्ण, पण वाळवी उकरण्यात गुंग झालं की त्याला आजूबाजूचं भान राहत नाही. माणूस अचानक समोर आला, तर घाबरून ते अंगावर येतं. पायी फिरणाऱ्याने म्हणूनच वाघापेक्षा अस्वलाला जपावं.

तासाभरात त्याच्या खुणा दिसू लागल्या. फोडलेलं वारूळ, एका झाडाच्या बुंध्यावर नखांचे लांब ओरखडे. मग डोक्यावर खळखळ झाली. शेकरू! तांबूस अंग, झुपकेदार शेपटी, एका झाडावरून दुसऱ्यावर लांबच लांब उडी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मुलांनी पुस्तकात पाहिला होता, तो भेटला मध्य प्रदेशात. जंगलाला राज्यांच्या सीमा कुठे ठाऊक? हाच सातपुडा पुढे मेळघाटात जातो. वाघ या वाटेने ये-जा करतात आणि कोरकू लोकही दोन्हीकडे आहेत. दादांची बहीण धारणीकडे दिलेली, त्यामुळे आमचं मराठी त्यांना बरंचसं समजत होतं.

दुपारी ओढ्याकाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पलीकडच्या उतारावर पाच गवे चरत होते. त्यातल्या एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, तसे आम्ही सगळे घास हातात धरून थिजलो.

संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा पाय बोलत होते. जवळच मोहाचं डेरेदार झाड होतं, खाली सपाट, स्वच्छ जागा. मुलांनी तिथेच तंबूच्या खुंट्या काढल्या. दादा धावत आले. “मोहाखाली नको! हे झाड रात्री तुमचं नाही.” कुरकुर करत आम्ही पार लांब, मोकळ्या जागी तंबू ठोकले. उरलेलं खाणं डब्यांत घट्ट बंद केलं. शेकोटीला परवानगी नव्हती.

रात्री दोनच्या सुमारास सांबराचा इशारा ऐकू आला. मग मोहाच्या दिशेने फुरफुर, घुरघुर आणि पाचोळ्यात जड पावलं. वनरक्षकाने दुरून बॅटरी टाकली. अस्वल आणि तिच्या पाठीवर बसलेलं पिल्लू, दोघं पडलेली फुलं खायला आली होती. भाचीने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही खुंट्या काढल्या होत्या ती नेमकी तीच जागा.

सकाळी चहा पिताना ती दादांना म्हणाली, “तुम्हाला एवढं कसं ठाऊक?” ते म्हणाले, त्यांचं गाव पूर्वी आत, जंगलातच होतं. घरामागे सात मोहाची झाडं. पहाटे आई फुलं वेचायला जाई, तेव्हा अस्वल नुकतंच गेलेलं असे. पुढे व्याघ्र प्रकल्पासाठी गाव बाहेर वसवलं गेलं. आता मुलांची शाळा जवळ आहे, दवाखाना आहे. जुन्या शेतांच्या जागी गवत वाढलंय, तिथे चितळ आणि गवे चरतात. “चांगलंच झालं,” ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, “झाडं मात्र तिथेच राहिली.”

कोणी काही बोललं नाही. सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं १९८१ साली. त्याच्या लगतचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशातलं पहिलं. ही सनावळी मुलांना मी वाटेत ऐकवली होतीच. पण त्या शांततेसाठी कोणीतरी आपलं अंगण सोडलं आहे, हे मला त्या सकाळपर्यंत सुचलंही नव्हतं.

मुलांनो, यंदा जंगलात गेलात तर “वाघ दिसेल का?” हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्या आधी वाट दाखवणाऱ्याला विचारा, “दादा, तुमचं गाव कुठलं?” आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ काढा.