उमेदवारीची मुदत

तरुण मनुष्याला एखाद्या नामांकित माणसाच्या मागें बसवून ठेवलें म्हणजे तो आपोआप तयार होतो, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दृढ झालेला आहे. वकिलाच्या कचेरींत, अडत्याच्या गादीवर, महाविद्यालयांत आणि अलीकडे क्रिकेटच्या संघांतहि या समजाचा सारखाच संचार दिसतो. "अजून लहान आहे, बसूं द्या, पाहूं द्या, शिकूं द्या," हें वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडीं इतकें रुळलें आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय याची चौकशी करण्याचें कोणास कारणच वाटत नाहीं. ती चौकशी मी येथें करणार आहें, आणि ती क्रिकेटवरून करणार आहें. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत क्रिकेट कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, आमच्या बार्शीसारख्या गांवांत ज्या विषयावर बाप आणि मुलगा मतभेदानें पण मनापासून बोलतात, असा विषय क्रिकेटखेरीज दुसरा फारसा उरलेला नाहीं.

पुण्याचा ऋतुराज गायकवाड हा महाराष्ट्राकडून खेळणारा सलामीचा फलंदाज. डिसेंबर २०१८ मधील लिलावांत चेन्नई सुपर किंग्ज या संघानें त्याला २० लाख रुपये या मूळ किमतीलाच घेतलें. शेन वॉटसन, फाफ डु प्लेसी, अंबाती रायुडू असे कसलेले फलंदाज संघांत असल्यामुळें २०१९ च्या सबंध हंगामांत त्याला एकहि सामना मिळाला नाहीं. पुढील हंगाम संयुक्त अरब अमिरातींत झाला. आरंभींच ऋतुराजला कोरोनाची बाधा झाली. मागाहून दोन डाव मिळाले, त्यांत धावा झाल्या ० आणि ५. त्याच ऑक्टोबरांत कर्णधार महेंद्रसिंग धोनी यानें तरुण खेळाडूंत आपल्याला हवी ती ठिणगी दिसली नाहीं, असें उघड बोलून दाखविलें. दोन डावांत ठिणगी दिसावी ही अपेक्षा चकमकीच्या दगडाकडून ठीक. माणसाकडून ती करणें जरा अधिक होतें. असो. तिसऱ्या डावांतहि शून्य झाल्यावर त्याच मुलानें हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांत नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ धावा केल्या. २०२१ मध्यें ६३५ धावा काढून स्पर्धेंतील सर्वाधिक धावांचा मान त्यानें मिळविला, आणि त्याच वर्षीं चेन्नईनें अजिंक्यपदहि जिंकलें.

येथें आमचे मित्र टाळी देऊन म्हणतात, "पाहा, बसविल्याचें फळ!" मला हें फळ त्या झाडाचें वाटत नाहीं. बांकावर बसून मनुष्य पुष्कळ गोष्टी शिकतो, हें मी नाकारीत नाहीं. मोठा खेळाडू सामन्याच्या आदल्या दिवशीं काय करतो, हरल्यावर कसा वागतो, घाईच्या वेळीं आवाज कसा खालीं ठेवतो, हें जवळून पाहण्यानेंच कळतें. परंतु फलंदाजी ही बांकावर बसून येत नाहीं. ती चेंडू खेळून येते. डिसेंबर २०२१ मधील विजय हजारे करंडकाच्या स्पर्धेंत ऋतुराजनें पांच डावांत चार शतकें काढून ६०३ धावा केल्या. पुढील वर्षीं त्याच स्पर्धेंत उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षट्कांत सात षट्कार मारले, त्यांतला एक नो-बॉलवर. हें सगळें महाराष्ट्राच्या संघांत झालें. तेथें तो कोणाच्या मागें नव्हता; पुढें होता. चेन्नईनें त्याला एक वर्ष बसविलें याबद्दल माझी तक्रार नाहीं. एक वर्ष म्हणजे कांहीं वनवास नव्हे. माझी तक्रार आहे ती या उमेदवारीच्या दुसऱ्या टोंकाबद्दल, आणि त्या टोंकाची चर्चा कोणी करीत नाहीं.

उमेदवारी हा दोघांचा करार आहे. धाकट्यानें थांबावयाचें, हा त्याचा अर्धा भाग. थोरल्यानें निघावयाचें, हा दुसरा अर्धा. आपल्याकडे पहिल्या अर्ध्याचीं व्याख्यानें होतात आणि दुसरा अर्धा थोरल्याच्या मर्जीवर सोडलेला असतो. सुनेच्या हातीं स्वयंपाकघर द्यावें, पण फडताळाच्या किल्ल्या आपल्याच कमरेला ठेवाव्या, आणि भाजी खारट झाली कीं "मी आहें म्हणून चाललें आहे" असें शेजारणीला सांगावें, हा प्रकार आपल्या घरांतून अपरिचित नाहीं. चेन्नईंत तोच मोठ्या प्रमाणावर आणि हजारों प्रेक्षकांसमोर झाला.

मार्च २०२२ मध्यें धोनीनें कर्णधारपद सोडलें, तें रवींद्र जडेजाकडे आलें. पण धोनी संघांतच राहिला, तेंहि यष्ट्यांच्या मागें. आठ सामन्यांपैकीं सहा हरल्याबरोबर एप्रिलच्या अखेरीस तें पद पुन्हा धोनीकडे गेलें. मार्च २०२४ मध्यें, हंगामाच्या पूर्वसंध्येला, तेंच पद ऋतुराजला मिळालें. त्यानें त्या वर्षीं स्वतः ५८३ धावा केल्या. संघ चौदापैकीं सात सामने जिंकून पांचव्या क्रमांकावर राहिला. २०२५ मध्यें पहिल्या पांचांपैकीं चार सामने हरल्यावर ऋतुराजचें कोपराचें हाड मोडल्याचें निष्पन्न झालें, तो हंगामाबाहेर गेला, आणि पुन्हा धोनी कर्णधार! तेव्हां त्याचें वय त्रेचाळीस होतें. त्याच हंगामांत बंगळूरच्या संघाविरुद्ध तो नवव्या क्रमांकावर फलंदाजीला आला होता. संघ दहांत दहावा आला, आणि चेन्नईच्या इतिहासांत असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें.

यष्टिरक्षकाची जागा कशी असते हें ज्यांनीं क्रिकेट पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. सगळें मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतें, आणि सगळ्या मैदानाचे डोळे त्याच्याकडे असतात. पंधरा वर्षें ज्या माणसाच्या हाताच्या खुणेवर क्षेत्ररक्षक हललेले आहेत, तो तेथेंच उभा असतां नवा कर्णधार मिड-ऑफवरून कांहीं सांगूं लागला, तर गोलंदाजानें कोणाकडे पाहावें? धोनीनें ढवळाढवळ केली असें मी म्हणत नाहीं; तें मला ठाऊक नाहीं आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजहि नाहीं. मोठ्या माणसाला सावली पाडण्यासाठीं हालचाल करावी लागत नाहीं. चेपॉकवर तर आपल्याच संघाचा फलंदाज बाद झाला म्हणजे, आतां धोनी येईल या आशेनें लोक टाळ्या पिटूं लागले. ज्या तरुणाच्या बाद होण्याचा स्वतःच्याच घरीं उत्सव होतो, त्याला आपण "शिकतो आहे" असें म्हणावयाचें काय?

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळतां येणार नाहीं. जानेवारी २०१७ पासून २०१९ पर्यंत धोनी भारताच्या संघांत विराट कोहलीच्या हाताखालीं खेळलाच कीं नाहीं, आणि त्यांत काय बिघडलें? कांहीं बिघडलें नाहीं, हें खरें. परंतु कोहली तोपर्यंत दोन वर्षें कसोटी संघाचा कर्णधार होता. त्याचें राज्य आधींच स्थापन झालेलें होतें. शिवाय तेथें वर निवडसमिति होती, आणि एखाद्या दिवशीं तिनें नांव गाळलें असतें तर कोणाच्या घरचा रोख व्यवहार बुडाला नसता. चेन्नईच्या मालकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या दृष्टीनें धोनी हा केवळ खेळाडू राहिलेला नाहीं, तो दुकानाची पाटी झाला आहे. २०२५ च्या हंगामासाठीं संघानें ऋतुराजला १८ कोटींना राखलें आणि धोनीला ४ कोटींना. हें ४ कोटि तरी कसे? जो खेळाडू पांच वर्षें आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाहीं त्याला "अनकॅप्ड" म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना कधींच न खेळलेल्यांच्या वर्गांत धरावें, असा जुना नियम त्या वर्षीं पुन्हा अंमलांत आला म्हणून. भारताला दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार होतकरूंच्या वर्गांत बसला. उमेदवारीची याहून मोठी थट्टा कोणत्या प्रहसनकाराला सुचली असती, याचा मला संशयच आहे.

आणि धोनी स्वतः कसा पुढें आला, हें तरी या लोकांनीं आठवावें. २००७ च्या पहिल्या वीस षट्कांच्या विश्वचषकाच्या वेळीं सचिन तेंडुलकर, राहुल द्रविड आणि सौरव गांगुली हे तिघेहि त्या स्पर्धेंतून दूर राहिले. सव्वीस वर्षांच्या, पूर्वीं भारताचें नेतृत्व कधीं न केलेल्या यष्टिरक्षकाला मोकळें मैदान मिळालें. त्यानें चषक आणला. त्या तिघांपैकीं एकजण जरी स्लिपमध्यें उभा असता, तरी क्षेत्ररक्षकांची नजर धोनीकडे वळण्यास वेळ लागला असता.

आतां परदेशांतलें एक उदाहरण देतों. तें मला फार उद्बोधक वाटतें. अमेरिकेंत फुटबॉल नांवाचा एक खेळ आहे. नांवाला फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो. त्यांत क्वार्टरबॅक हा सगळा डाव चालविणारा नायक. एका वेळीं एकच. दरवर्षीं तेथले संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांची पाळीनें निवड करतात. ग्रीन बे हें विस्कॉन्सिन संस्थानांतलें आमच्या बार्शीएवढें, लाखाच्या थोडें वर वस्ती असलेलें शहर. तेथील पॅकर्स संघ कोणा एका धनिकाचा नाहीं. त्याचे भाग सामान्य लोकांच्या हातीं आहेत. १९९२ पासून ब्रेट फार्व्ह हा तेथला क्वार्टरबॅक, आणि गांवाचें दैवत. तो खेळत असतांनाच २००५ मध्यें संघानें पहिल्याच फेरींत एरन रॉजर्स या तरुणाची निवड केली आणि त्याला तीन वर्षें मागें बसविलें. २००८ च्या मार्चमध्यें फार्व्हनें निवृत्ति जाहीर केली. उन्हाळ्यांत त्याचें मन बदललें, आणि तो परत यावयास निघाला. गांवांत दोन तट पडले. संघानें फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलें आणि रॉजर्सला उभें केलें.

पहिल्या वर्षीं काय झालें? आदल्या हंगामांत सोळांपैकीं तेरा सामने जिंकलेला संघ या वेळीं सहाच जिंकला. चेन्नईंत आठ सामन्यांत जडेजाचा धीर आणि मालकांचा विश्वास दोन्ही संपले. ग्रीन बेनें दहा पराभव पचविले आणि मागें वळून पाहिलें नाहीं. मागें पाहण्यासारखें त्यांनीं कांहीं ठेवलेंच नव्हतें. कर्णधार म्हणून नव्हे, सल्लागार म्हणूनहि फार्व्ह तेथें नव्हता. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस, फेब्रुवारी २०११ मध्यें, रॉजर्सनें अजिंक्यपद मिळवून दिलें. मौज पुढें आहे. २०२० मध्यें त्याच संघानें त्याच रॉजर्सच्या मागें जॉर्डन लव्ह नांवाचा मुलगा आणून बसविला. रॉजर्स नाराज झाला. त्या वर्षीं आणि पुढच्या वर्षीं तो सगळ्या स्पर्धेंतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तरीहि २०२३ मध्यें त्याची रवानगी झाली, आणि तीहि न्यूयॉर्क जेट्सकडेच! यांत निष्ठुरपणा आहे, हें मी कबूल करतों. पण तीन वर्षें बसलेल्या मुलाला चौथें वर्ष कोणाचें हें तेथें कळलें, तें आपल्याकडे कळत नाहीं.

आपली परंपराच भाविक, येथें असा व्यवहार शोभत नाहीं, असें कोणी म्हणेल. मराठी रंगभूमीचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं तरी हें म्हणूं नये. ऑक्टोबर १९२१ मध्यें केशवराव भोसले अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले, तेव्हां ललितकलादर्श मंडळी संपली असें वाटण्यासारखीच ती वेळ होती. कंपनींतलेच बापूराव पेंढारकर पुढें आले आणि त्यांनीं ती चालविली. मृत्यूनें जागा रिकामी केली म्हणून तें शक्य झालें, ही दुःखाची गोष्ट आहे. पण जागा रिकामी झाली, ही वस्तुस्थिति आहे. उलट बालगंधर्व वय उलटल्यावरहि स्त्रीभूमिका करीत राहिले, आणि रसिक डोळे मिटून ऐकत राहिले. त्या गळ्याबद्दल मला पूज्यभाव आहे. तथापि डोळे मिटून नाटक पाहण्याची जी संवय त्या वेळीं आपल्याला लागली, तीच आज चेपॉकवर टाळ्या वाजवीत आहे. दोष एकट्या नटाचा नाहीं. त्याला जाऊं न देणाऱ्या आपल्या प्रेमाचा आहे.

चांगली उमेदवारी कशी असते हें पाहण्यास फार लांब जावयास नको. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट रेल्वेची गाडी सुरू झाली. वाफेच्या एंजिनावर ड्रायव्हरच्या शेजारीं फायरमन उभा राही. कोळसा टाकतां टाकतां वाफेचा दाब, पाण्याची पातळी, चढउतार, सिग्नल हें सगळें तो शिके. ती उमेदवारी खडतर होती, पण तिच्यांत काळोख नव्हता. कारण ड्रायव्हर कोणत्या वयाला उतरणार हें दोघांनाहि ठाऊक असे. उतरलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीं एंजिनावर येऊन "मी नुसता उभा राहतों" असें म्हणत नसे.

आमच्या अध्यापकांच्या धंद्यांत निवृत्तीचें वय ठरलेलें आहे, तेवढ्यापुरते आम्ही चेन्नईकरांहून बरे. पण थोरला गेल्यावर खुर्ची रिकामीच ठेवून, नेट-सेट झालेल्या तरुणांना वर्षानुवर्षें तासिका तत्त्वावर राबवावयाचें, आणि त्यालाहि "अनुभव मिळतो आहे" असें गोड नांव द्यावयाचें, हा आमचा शोध आहे. पस्तिशी ओलांडलेला, घरांत दोन मुलें असलेला मनुष्य उन्हाळ्याच्या सुटींत बिनपगारी घरीं बसतो आणि जूनमध्यें पुन्हा अर्ज करतो. त्याच्यापुढें धोनी नाहीं, कोणीच नाहीं. तरी त्याला बसविलेलें आहेच. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा मुलगा किंवा जांवई असेल. "थांब, शिक," असें त्याला सांगण्यापूर्वीं, किती दिवस, हें त्याच्या वरिष्ठांना विचारण्याचें धाडस त्यांनीं एकदां करावें.

राहतां राहिला धोनी गेल्यास प्रेक्षक येणार नाहींत, हा शेवटचा आक्षेप. २०२५ च्या त्याच पडझडीच्या हंगामांत ऋतुराजच्या जागीं चेन्नईनें विरारचा आयुष म्हात्रे हा सतरा वर्षांचा मुलगा आणला. त्याला बसवून ठेवण्यास कोणाला सवडच नव्हती. पहिल्या सामन्यांत मुंबईविरुद्ध त्यानें १५ चेंडूंत ३२ धावा केल्या, आणि दोन आठवड्यांच्या आंत बंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. त्या रात्रीं बार्शींतल्या घराघरांतून मुलें उशिरापर्यंत जागीं होतीं, आणि तीं यष्टिरक्षकाकडे पाहत नव्हतीं.