चावरा ससा

ससा म्हणजे भित्रेपणाची मूर्ती, असा संस्कार आपणांवर बालपणापासून झालेला आहे. पाठीवर पान पडताच आभाळ कोसळले असे समजून पळत सुटणारा ससा आपण आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. म्हणूनच घरी हौसेने आणलेला ससा दात विचकून हातावर धावून आला, म्हणजे वेदनेपेक्षा आपली फसवणूक झाल्याचेच दुःख अधिक होते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी बोटास पट्टी बांधून शाळेत आली. दांडियाबाजारातील तिच्या घरी सशाची एक पांढरी मादी आहे. चार महिन्यांपूर्वी ओंजळीत मावणारे हे पिल्लू आता पिंजऱ्यात हात जाताच गुरगुरते व चावते. “ती दुष्ट झाली आहे, बाबा तिला कमाटीबागेत सोडून देणार आहेत,” असे मुलीने रडवेल्या स्वरात सांगितले. ‘दुष्ट’ हा शब्द आम्हांस खटकला, आणि हा लेखप्रपंच त्या शब्दासाठीच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या माळरानावरील ससा आणि घरी पाळला जाणारा ससा हे दोन भिन्न प्राणी आहेत. माळावरचा ससा बीळ करीत नाही. तो गवतात दबून बसतो व संकट येताच धूम ठोकतो. पाळीव सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडील. ते जमिनीत बिळे खणून कळपाने राहतात. कळपात मानपान असतो, हद्दी असतात. पिलांसाठी बिळातील जागा मिळविण्याकरिता माद्या आपसांत झुंजतात. आपण ज्यास पिंजरा म्हणतो, ते तिच्या लेखी तिचे बीळ होय. त्यात शिरणारा हात हा तिच्या दृष्टीने घरफोड्याच!

दुसरे कारण वयाचे. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ससा वयात येतो व त्याचा स्वभाव पालटतो. कधी कधी गर्भ नसतानाही मादीस गर्भ राहिल्याचा भास होतो. ती अंगावरचे केस उपटून घरटे करते व त्याची राखण करते. तिसरे कारण दृष्टीचे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्यास सभोवारचे बहुतेक सारे दिसते. परंतु नाकासमोरचेच नेमके दिसत नाही. त्यामुळे समोरून आलेल्या हाताने तो दचकतो. चौथे कारण वेदना. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते वेडेवाकडे वाढले की तोंडात जखमा होतात. शांत ससा एकाएकी चावू लागला, तर त्यास प्रथम पशुवैद्याकडे न्यावे.

चावण्यापूर्वी ससा सूचनाही देतो. कान मागे पाडतो, शेपूट उभारतो, गुरगुरतो, पुढच्या पंजांनी फटकारतो. आपण त्याचे हे बोलणे वाचीत नाही आणि दात लागल्यावर मात्र तक्रार करतो.

हे सारे पुस्तकी ज्ञान घेऊन आम्ही त्या घरी गेलो आणि शिकविण्याच्या भरात हात सरळ पिंजऱ्यात घातला! मनगटावरील ओरखड्याने आमचा धडा पुरा केला. पुढे ठरले ते असे : मारावयाचे नाही, कारण माराने भीती वाढते. पिंजऱ्याचे दार उघडून तिला आपणहून बाहेर येऊ द्यावे आणि मगच सफाई करावी. वरून झडप घालून उचलू नये. कान धरून तर मुळीच नव्हे. जमिनीवर बसून, बाजूने हात नेऊन कपाळ कुरवाळावे. वाळलेले गवत भरपूर घालावे व हिंडावयास मोकळी खोली द्यावी. सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तिचे निर्बीजीकरणही करून घेण्यात आले. त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. आज ती क्वचित गुरगुरते. परंतु चावत नाही.

आणि कमाटीबाग? सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसविलेली ही बाग नगरवासीयांच्या विसाव्यासाठी आहे, नकोशा झालेल्या प्राण्यांसाठी नव्हे. कुत्री, मांजरे व घारी यांच्यापुढे पांढरा ससा किती काळ तगणार? ज्या प्राण्याची उपासमार होण्याचा संभव आहे, त्यास विनाकारण टाकून देणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही अपराध ठरविले आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. ससा आणण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणून घ्यावा. तेवढी सवड नसेल, तर तो आणूच नये. चावणारा ससा दुष्ट नसतो. तो भ्यालेला, दुखावलेला किंवा आपले घर राखणारा असतो. वर्गातील एखाद्या मुलास ‘उद्दाम’ म्हणण्यापूर्वीही हाच विचार करावा, हे त्या ओरखड्याने आम्हां शिक्षकांस शिकविले.