कार्ड दिले, देयकांचे काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे दरसाल दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेले आणि २०२४ पासून तिचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारकांना खुला झाला. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोला वा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या देऊळघाटच्या शेतमजुराला पाच लाखांचा आकडा बरा करीत नाही. रुग्णालय बरे करते. ते त्याला खाट देईल की नाही, हे शासन रुग्णालयाला काय व केव्हा देते, यावर अवलंबून आहे.

योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला आहे. तो खर्चाहून कमी असेल, अथवा देयक महिनोन्महिने अडून राहील, तर रुग्ण परत पाठवला जातो, किंवा उरलेली रक्कम त्याच्याच खिशातून निघते. दोन्ही प्रकारांत योजना कागदावर राहते. शिवाय पैसा मुख्यतः दाखल रुग्णासाठीच मिळत असल्याने वेळीच औषध देणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. थायलंडने २००२ पासून बाह्यरुग्णसेवेसाठी माणशी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली; ती अभ्यासण्याजोगी आहे.

आमची मागणी मोजकी आहे. दर प्रत्यक्ष खर्च तपासून ठरवावेत. मुदत टळलेल्या देयकावर व्याज खरोखरीच चुकते व्हावे. आणि खोटी देयके करणाऱ्या वा रुग्णाकडून पैसे उकळणाऱ्या रुग्णालयाची गय करू नये. घेतलेल्या सेवेचे मोल वेळेवर द्यावे, हा प्रपंचाचा साधा नियम सरकारलाही लागू आहे.