'व्हीएलसी टाक ना!' म्हणणाऱ्यांसाठी

या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडण आपल्याच जमातीशी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांशी आहे.

विषय एकदम साधा. कुणाचा तरी फोन येतो, "अरे, तो मुंजीचा व्हिडिओ काही चालत नाहीये रे. आवाज येतोय, पण नुसता काळा पडदा." आपला एक डोळा मॅचवर असतो. "व्हीएलसी टाक ना!" फोन बंद, समाजसेवा संपन्न. वर आणि मनात, 'या लोकांना एवढंही कळत नाही'.

माझं म्हणणं असं की हे उत्तर नाही, पळवाट आहे. गेली वीस वर्षं आपण सगळे हीच पळवाट वापरतोय, आणि म्हणूनच हा रोग बरा होत नाही.

दगड मारायच्या आधी एक खुलासा. व्हीएलसीवर माझा राग नाही. पॅरिसच्या एकोल सेंट्रालमध्ये १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रकल्प, २००१ पासून मुक्त परवान्याखाली, जाहिरात नाही, पैसे नाहीत. माझ्या प्रत्येक मशीनवर आहे आणि राहील. राग औषधावर नाही हो, नाडी न बघता सगळ्यांना एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरवर आहे.

आता मुळात होतं काय ते बघू. आपल्या घरात बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. घरच्यांना ठाऊक असतं म्हणून चालून जातं. व्हिडिओ फाईलचं अगदी तसंच आहे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही सगळी डब्यांची नावं. आत चित्र वेगळं भरलेलं असतं आणि आवाज वेगळा. चित्र एच.२६४ असेल, एचईव्हीसी असेल, एव्ही१ असेल. आवाज एएसी असेल, एसी-३ असेल, डीटीएस असेल. डबा उघडता आला म्हणजे आतला जिन्नस शिजवता येतोच असं नाही. फाईलचं नाव बदलून .एमकेव्हीचं .एमपी४ करणारे महाभाग मी हापिसात पाहिलेत, चांगले सिनियर आर्किटेक्ट वगैरे. लेबल बदलल्याने डाळीची साखर होत नाही.

त्यामुळे 'चालत नाही' हे वाक्य 'बरं वाटत नाही' इतकंच मोघम आहे. विचारायला हवं, नक्की काय होतंय?

आवाज आहे, चित्र काळं? बहुतेक वेळा चित्र एचईव्हीसीत आहे आणि मशीनवर त्याचा डीकोडर नाही. चित्र आहे, आवाज नाही? मग संशय एसी-३ किंवा डीटीएसवर. अनेक टीव्हींनी डीटीएसचा परवाना घेणंच सोडून दिलंय, त्यामुळे जुन्या टीव्हीवर बोलणारी फाईल नव्या महागड्या टीव्हीवर मुकी होते. अडखळत चालतोय आणि लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतोय? ग्राफिक्स चिपने करायचं काम बिचारा प्रोसेसर एकटा ओढतोय. रंग उडालेले, सगळं राखाडी? मग शूटिंग एचडीआरमध्ये झालंय (आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय आलेली आहे) आणि तुमचा पडदा किंवा प्लेअर साधा आहे. एडिट करताना ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे? फोनने कमी उजेडात फ्रेम रेट मध्येच खाली आणलाय आणि एडिटर तो स्थिर आहे असं गृहीत धरून बसलाय.

आणि शेवटचा प्रकार, फाईल मोठी आहे पण उघडतच नाही. एमपी४ची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. त्याआधीच बॅटरी संपली तर चित्रं सगळी आत पडलेली, पण कुठली कुठे आहेत हे सांगणारं पान गायब. इथे फाईल खरोखरच मोडलेली आहे. तरीसुद्धा लगेच रडू नका. त्याच फोनवर त्याच सेटिंगने काढलेली एखादी धडकी फाईल नमुना म्हणून दिली तर अनट्रंक नावाचं छोटं अवजार पुष्कळदा ती अनुक्रमणिका पुन्हा बांधून देतं.

सहा आजार झाले. व्हीएलसीची गोळी पहिल्या दोनांवर छान चालते, बाकीच्यांवर कधी चालते, कधी नाही. आणि टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावून बसलेल्या आजोबांना तर तिचा काडीचा उपयोग नाही.

पण माझा खरा राग निदानापेक्षा त्या पडद्यावरच्या संदेशावर आहे. डीकोडर नसला की कितीतरी प्लेअर काय सांगतात? फाईल सपोर्टेड नाही, किंवा एक्स्टेंशन चुकीचं आहे, किंवा फाईल खराब झालेली आहे. म्हणजे 'माझ्याकडे परवाना नाही' हे एक वाक्य सोडून बाकी सगळं! माझ्या नात्यातल्या एका बाईंनी त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवाळीचे चार व्हिडिओ 'फाईल खराब आहे' असं वाचून डिलीट केले. लॅपटॉप नवा होता, तेव्हा खोट फाईलमध्येच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यातला एक व्हिडिओ आधीच भाच्याला पाठवलेला होता, तो त्याच्या फोनवर अजून ठणठणीत चालतो. बाकीचे तीन गेले. आता सांगा, इथे 'यूजर' अडाणी आहे की तो संदेश लिहिणारा आपल्यातलाच कुणी इंजिनिअर?

मुळात नव्याकोऱ्या लॅपटॉपवर एचईव्हीसी का नसावं? तांत्रिक कारण शोधू नका, नाहीये. इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढीपासून ही सोय चिपमध्ये कोरलेली आहे. कारण आहे पेटंट. एचईव्हीसी हे प्रमाण २०१३ साली मंजूर झालं. मग परवान्यासाठी एक दुकान उघडलं, एमपीईजी एलएचं. २०१५ मध्ये दुसरं आलं, एचईव्हीसी ॲडव्हान्स. २०१७ मध्ये तिसरं, व्हेलॉस मीडिया. शिवाय कुठल्याच दुकानात नसलेले पेटंटधारक वेगळेच. एका रस्त्यावर तेव्हा तीन टोलनाके होते, आणि पहिल्याची पावती दुसऱ्याला दाखवून उपयोग नव्हता (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना यापुढे समजावून सांगायची गरज नसावी). दुसऱ्या दुकानाच्या पहिल्या दरपत्रकात तर व्हिडिओ दाखवून होणाऱ्या उत्पन्नातलाही हिस्सा मागितला होता. बोंबाबोंब झाल्यावर तो कमी केला.

परिणाम काय झाला ते बघा. २०१७ साली ॲपलने आयओएस ११ मध्ये एचईव्हीसी हे शूटिंगचं मूळ सेटिंग केलं. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून एचईव्हीसी काढून वेगळं ॲड-ऑन केलं, स्टोअरमध्ये ९९ सेंटला. एकाच वर्षी एकाने घराघरात एचईव्हीसी भरायला सुरुवात केली आणि दुसऱ्याने ते वाजवायची किल्ली वेगळी विकायला काढली. मधे कोण अडकलं? मुंजीचा व्हिडिओ बघू पाहणारी मावशी.

यावर कडी म्हणजे २०२५. डेल आणि एचपी या दोघांनी आपल्या काही लॅपटॉप्समध्ये प्रोसेसरमध्ये असलेली एचईव्हीसीची सोय बंद करून ठेवल्याचं बाहेर आलं. चिप तीच, ताकद तीच, फक्त बटण बंद. परवान्याचे दर एका यंत्रामागे सेंटांमध्ये मोजायचे असतात, आणि लॅपटॉपची किंमत आपल्याकडे पन्नास-साठ हजारांत! किराणा दुकानदाराने पोतंभर तांदूळ विकावा आणि सुतळी सोडायचे वेगळे पैसे मागावेत, तशातली गत.

"मग संशोधकांना पैसे नकोत का?" असं कुणीतरी म्हणणारच. हवेत ना! व्हिडिओ निम्म्या जागेत बसवणं हे काही खायचं काम नाही, त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण तो पैसा यंत्राच्या किमतीत घ्या आणि मोकळे व्हा. फोन माझा, मुलगा माझा, शूटिंग मी केलेलं. ते बघायला अडवायचं आणि वर 'फाईल खराब आहे' म्हणून सांगायचं, याला धंदा म्हणत नाहीत. याला बनवाबनवी म्हणतात.

आपल्या देशातलं चित्रही मजेशीर आहे. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम हे पेटंटयोग्य शोध नाहीत. वाचून बरं वाटतं. पण पेटंट प्रोग्रामवर न मागता 'डीकोडिंग यंत्रा'वर मागितलं की गोष्ट बदलते. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने फिलिप्सच्या बाजूने जो निकाल दिला तो डीव्हीडी प्लेअरमधल्या अशाच एका पेटंटवर होता, आणि समोर होते सुटे भाग आणून प्लेअर जोडणारे छोटे व्यावसायिक.

आणि ज्यांची श्रद्धा 'व्हीएलसी टाक'वर आहे त्यांनी २०२२ आठवावं. फेब्रुवारीपासून भारतात व्हिडिओलॅनची अधिकृत साईटच उघडत नव्हती. कुठलंही जाहीर कारण नाही, त्यांना नोटीस नाही. शेवटी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात आपण फोनवर 'व्हीएलसी टाक ना' म्हणत होतोच. अधिकृत साईट बंद असताना लोकांनी ते कुठून उतरवलं असेल याचा विचार केलाय कधी? ज्यांना २००६ च्या आसपासचा झ्लॉब आठवतो त्यांना अंगावर काटा येईल. 'हा व्हिडिओ बघायला कोडेक हवा' असं म्हणत घरात शिरणारा ट्रोजन होता तो, आणि कितीतरी एक्सपी मशीन्स त्यापायी फॉरमॅट माराव्या लागल्या.

हल्ली झ्लॉबची जागा फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरनी घेतली आहे. बाळाच्या बारशाचा व्हिडिओ कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर चढवायचा, तो तिथे किती दिवस राहतो ते देव जाणे, आणि बदल्यात मिळते पुन्हा दाबून पातळ केलेली कॉपी. शिळ्या भाताला पुन्हा पुन्हा फोडणी. यातला विनोद असा की कित्येकदा जिन्नस बदलायची गरजच नसते, फक्त डबा बदलायचा असतो. एफएफएमपेगला 'कॉपी' म्हणून सांगितलं की तो आतलं चित्र न हलवता नव्या डब्यात ठेवतो. दोन तासांच्या लग्नाला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि दर्जा रतीभरही कमी होत नाही. पण हे सांगायला आधी फाईलमध्ये काय आहे ते बघावं लागतं. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ते एका क्लिकमध्ये दाखवतो. आपल्यातल्या किती जणांनी फोनवर "आधी मीडियाइन्फो लाव आणि मला फोटो पाठव" असं म्हटलंय? दोन मिनिटांचं काम आहे हो.

बरं, घरच्यांचं एक वेळ सोडा. आपण स्वतः लिहितो त्या सॉफ्टवेअरचं काय? तुमच्या ॲपमध्ये व्हिडिओ अपलोड होतो का? मग आयफोनवरून आलेली एचईव्हीसी फाईल ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर उघडून बघितलीये का कधी? 'समथिंग वेंट राँग' लिहून टिकीट बंद करणारे आपणच असतो. 'या फाईलमधलं चित्र एचईव्हीसी आहे आणि या मशीनवर त्याचा डीकोडर नाही. फाईल चांगली आहे, डिलीट करू नका' एवढी तीन वाक्यं लिहायला कुठलाही परवाना लागत नाही. पेटंटपण नाही त्याच्यावर, अजून तरी.

घरासाठी तोडगा सांगायचा तर, आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. मग चित्र एच.२६४ मध्ये येतं, जागा जास्त खातं, पण सगळीकडे चालतं. जुन्या फायली हँडब्रेकने बदलायच्या तर खुशाल बदला, पण मूळ फाईल पुसू नका. कधीच नाही. लग्नाच्या व्हिडिओवाल्याला ॲडव्हान्स देताना ड्रोन आणि कँडिडबद्दल तासभर घासाघीस करता, तेव्हाच बिलावर लिहून घ्या: एमपी४, एच.२६४, आवाज एएसी. मी गेल्या दोन लग्नांत लिहून घेतलं. पहिल्याने विचित्र नजरेने बघितलं, दुसऱ्याने विचारलं, "साहेब, तुम्ही पण याच धंद्यात का?"

राहता राहिला एव्ही१. गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, इंटेल वगैरे मंडळींनी २०१५ मध्ये एकत्र येऊन २०१८ मध्ये आणलेला, रॉयल्टी नसलेला कोडेक. मला त्याच्याकडून आशा आहे. पण सिस्वेल नावाच्या कंपनीने २०१९ मध्येच त्याच्यावरही पेटंटचं दुकान थाटल्याचं जाहीर केलं, आणि आयफोनमध्ये त्याचा हार्डवेअर डीकोडर यायला २०२३ चा १५ प्रो उजाडावा लागला. शिवाय घरोघरी वारशाने फिरणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर ४के एव्ही१ लावून बघा, पंखा विमानासारखा उडतो. त्यामुळे सध्यातरी बिलावर एच.२६४च लिहून घ्या.