धरण वर सरकले, पाणीही वरच अडले



जायकवाडी नावाचे गाव बीड जिल्ह्यात आहे. जायकवाडी नावाचे धरण मात्र तिथे नाही. ते सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला आहे. असे का झाले, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. म्हणून आज ती गोष्ट.

गोदावरीवर धरण बांधायचा विचार जुना, हैदराबाद राज्याच्या काळातला. तेव्हा जागा धरली होती जायकवाडी गावाजवळची. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि धरणाची जागा वर पैठणला नेली. कारण साधे होते. कालवा जितक्या उंचावरून निघेल तितका तो लांब जातो आणि तितके जास्त रान त्याच्या खाली येते. म्हणजे धरणाची जागा ठरली ती कालव्यासाठी. नाव तेवढे जुने राहिले.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केले. सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन पाण्याखाली गेली, शंभराहून अधिक गावे उठली. ती गोदाकाठची काळी कसदार जमीन होती. ती देणारेही शेतकरीच होते. त्यांना सांगितले होते, तुमच्या त्यागातून खालचा कोरडवाहू शेतकरी उभा राहील. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पार परभणी जिल्ह्यात जाणारा. उजवा १३२ किलोमीटरचा, माजलगावच्या धरणाला जोडलेला. दोन्ही मिळून सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर भिजवायचे ठरले. भर होता ज्वारी, कापूस, गहू अशा हंगामी पिकांवर. उसाला जागा थोडी होती.

मी कृषी पदवी घेऊन ज्वारीची प्रात्यक्षिके घ्यायला पहिल्यांदा डाव्या कालव्याच्या शेवटाकडे गेलो, तेव्हा पोटचारीत बाभळी वाढलेल्या पाहिल्या. कागदावर ते शिवार बागायती होते. एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, तुमचं बियाणं चांगलं आहे, पण आमच्या चारीत पाण्याऐवजी शेळ्या चालतात." माझ्याकडे उत्तर नव्हते. नोकरी सोडून संघटनेत येण्याच्या कारणांत ते एक वाक्य आहे.

पाणी गेले कुठे? पहिले उत्तर सगळ्यांना पाठ आहे: वर नाशिक-नगरच्या धरणांत अडले. ते खोटे नाही. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातली तूट सर्वांनी सारखी वाटून घ्यायची ठरवली. २०१४ च्या आदेशाने, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे, असे सूत्र घातले. त्यासाठी भांडावे लागले आणि पुढेही लागेल.

पण दुसरे उत्तर आपण टाळतो. पैठणला पाणी पोचल्यावर ते शेवटापर्यंत का पोचत नाही? शहर आणि कारखाने आपला वाटा आधी उचलतात. नाथसागर पसरट आणि उथळ, त्याचे बरेच पाणी ऊनच पिते. कालवे झिरपतात. आणि उरलेले कालव्याच्या तोंडाशी उसात जिरते. हिशेब मांडा. उसाला वर्षाला अंदाजे २०० सेंटिमीटर पाणी लागते. रब्बी ज्वारीला पोटरीत आणि फुलोऱ्यात अशा दोन पाळ्या दिल्या तर सुमारे १५ सेंटिमीटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात किमान बारा हेक्टर ज्वारी वाचते. बोंडे भरताना एक पाणी मिळाले तर कपाशीचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऊस लावणारा आपला वैरी नाही. पैसा देणारे पीक त्याने का सोडावे? ज्वारीला भाव नाही, म्हणून तो उसाकडे गेला. दोष वाटपाचा आणि भावाचा आहे. पण नाशिक-नगरकडे तूट वाटून मागायची आणि आपल्याच कालव्यावर वरच्याने खालच्याचे तोडायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येणार नाही.

म्हणून या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. एक, पाळी शेवटाकडून सुरू व्हावी. दोन, पाणी हेक्टरवर नव्हे, मोजून मिळावे. पाणीवापर संस्थांचा कायदा २००५ पासून आहे, संस्था आपणच उभ्या करायच्या. तीन, प्रत्येक पाळीआधी किती पाणी सुटणार, कोणत्या चारीला किती, हे गावच्या चावडीवर वाचून दाखवावे.

कालवा लांब जावा म्हणून धरण शंभर किलोमीटर वर नेले. निदान त्या कालव्याच्या शेवटी पाणी जावे, एवढेच आपले मागणे आहे. बैठकीला येताना आपल्या चारीला गेल्या हंगामात किती पाळ्या मिळाल्या, ते कागदावर लिहून आणा.