मुलाम्याचें नाणें

जुन्या नाण्यांत एखादें मुलाम्याचें निघालें कीं लोक तें फेंकून देतात. आमच्या मतें तसें करणें अनिष्ट आहे. आणि तेर आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत असल्यामुळें हें मत येथें मांडणें अवश्य वाटतें.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरप्रवासाच्या पुस्तकांत हें नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून, येथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांतून भडोचास जात असे, असा उल्लेख आहे. भडोचच्या पेठेंत मिनँडर व अपोलोडोटस या ग्रीक राजांचीं जुनीं रुप्याचीं नाणीं चालत, असेंही त्यानें नमूद केलें आहे. त्याच वळणावर नहपानानें आपलें नाणें पाडिलें; एका अंगास राजमुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें. कोरणारास ग्रीक येत होतें असें मात्र दिसत नाहीं! १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें अशीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तीं तपासलीं, तों सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप वरून मारलेला आढळला.

जेथें रुपें तेथें ठकबाजी आलीच. तांब्याच्या चकतीस चांदीचा पत्रा लपेटून, तापवून, वर ठसा मारावयाचा, ही युक्ति ग्रीकांना फार पूर्वींपासून अवगत होती. इ. स. पूर्वीं ३७५ च्या सुमाराचा अथेन्सचा एक कायदा १९७० सालीं तेथील जुन्या बाजाराच्या जागीं शिलेवर कोरलेला मिळाला. पेठेंत बसलेल्या पारख्यानें, आंत तांबें वा शिसें असलेलें नाणें तत्काळ आडवें कापावें व देवमातेस अर्पण करावें, अशी त्यांत आज्ञा आहे. गंमत अशी कीं, त्यापूर्वीं सुमारें ३० वर्षें, युद्धांत चांदी संपतांच, खुद्द अथेन्स सरकारनेंच मुलाम्याचीं नाणीं काढिलीं होतीं.

बाजारापुरता तो कायदा योग्यच. परंतु जिज्ञासूंनीं सुरी हातीं घेऊं नये. ज्या नाण्यावर लोकांचा भरंवसा नाहीं त्याची नक्कल कोण करील? म्हणून बनावट नाणें हा खऱ्या नाण्याच्या पतीचा उत्तम साक्षीदार ठरतो. शिवाय प्रत्येक नक्कल ही लबाडी नव्हे. तेर येथें रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृति मिळाल्या आहेत, त्या अंगावर अलंकार म्हणून घालण्याच्या होत.

पारखावें कसें? सोनाराची कसोटी येथें फसते, कारण ती वरच्या कातडीचाच कस सांगते. वजन अधिक प्रामाणिक. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, तांबें जेमतेम नऊ पट. नाणें आधीं हवेंत व मग पाण्यांत तोललें कीं भेद उघड होतो. मात्र नहपानाचें नाणें अवघें दोन ग्रॅमचें असल्यानें तराजू अतिशय नाजूक पाहिजे, आणि तांबें मिसळलेली हिणकस चांदीही हलकीच भरते, हें विसरूं नये.

पालकांस एक विनंती. पावसानंतर पांढरीवर नाणें दिसल्यास तें चिंचेनें घांसूं नये, मुशींत तर मुळींच घालूं नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. तोंवर तें मातीसकट कागदांत गुंडाळून, शेताचें नांव व तारीख वर लिहून ठेवावें. आणि खोटें वाटलें तरी त्याच पुडींत राहूं द्यावें.